एकशे चाळीस ओंजळी

३ जानेवारी २०२५

सदतीस वर्षं शाळेतल्या पोरांना रोज एक पान लिहायला लावलं, स्वतः मात्र कधी लिहिलं नाही. आज वही उघडली ती गावावर वेळ आली म्हणून.

काल तालुक्याच्या पुनर्वसन कचेरीतले अवधूत नावाचे तरुण साहेब आमच्या दोधारला आले. मारुतीच्या पारावर बसून त्यांनी सरळ सांगितलं. गावातल्या तीन चतुर्थांश घरांनी पंधरा फेब्रुवारीच्या आत लेखी संमती दिली, तर सगळं गाव उठून पुरापासून दूर, पूर्वेच्या काठावर नव्या वस्तीत जाईल. नाही दिली तर गाव आहे तिथंच राहील आणि आमची पुलाची मागणी वर जाईल. घरं एकशे चाळीस, म्हणजे सह्या एकशे पाच लागणार. "जबरदस्ती कुणावर नाही," असं साहेब तीनदा म्हणाले.

सह्या करतोय कोण! दोधार ही काही काल वसलेली वाडी नाही, कसबा आहे. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. ती इथं दोन धारांत फुटते, आम्हाला मधे ठेवते आणि मैलभर खाली पुन्हा एक होते. बत्तीस पायऱ्यांचा दगडी घाट आहे. निजामाच्या काळी नदीवरच्या मालाची जकात घ्यायचा नाका होता, त्यात आता ग्रामपंचायत बसते. पूर्वी होळीच्या सुमारास पश्चिमेची धार आटायची आणि माणसं चालत जायची. खाली बंधारा झाल्यापासून बारा महिने नाव.

सरपंच बन्सीधर माझाच विद्यार्थी. म्हणाला, "गुरुजी, पुलाच्या मागणीला गावाची समदी माहिती जोडायची हाय. कसं ऱ्हातो, कसं वागतो, पहिल्यापासून. तुमच्याबिगर कोण लिहिणार?" खरंच आहे, कोण लिहिणार?

घरी येऊन मनकर्णाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पुलाचं तर आपल्या सोयरिकीत बी सांगितलं होतं तुमच्या वडलांनी. पुढच्या साली होतोय म्हणून." बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट! आमची ही एकेक बोलते की हसू आवरत नाही.

६ जानेवारी

आज घाटावर गंगा उचलली. कल्पना माझीच. प्रत्येक घरातला एक पुरुष पाण्यात उतरला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला, ओंजळ भरली आणि म्हणाला, "हे घर बेट सोडणार नाही." मग पाणी सोडलं. वयाप्रमाणे रांग लावली होती. पहिली ओंजळ माझी, शेवटची, सरपंच म्हणून, बन्सीधरची. चतुराबाईचा नवरा पुण्याला गाडीवर असतो, म्हणून तिच्या घरची ओंजळ बन्सीधरनेच दुसऱ्यांदा उचलली. एकशे चाळीस ओंजळी मी स्वतः मोजल्या. डोळ्यांत पाणी आलं. एवढी एकी आताच्या दिवसांत कुठं बघायला मिळते?

बायका वरच्या पायऱ्यांवर उभ्या राहून बघत होत्या. घरी आल्यावर मनकर्णा म्हणाली, "आमाला कामून न्हाई उतरवलं?"

म्हटलं, "अगं, घरातला एक माणूस म्हणजे सगळं घर."

"बरं," म्हणाली आणि माझं ओलं धोतर वाळत घालायला गेली.

९ जानेवारी

माहिती लिहायला घेतली. किती लिहू आणि किती नको असं झालंय. आमच्याकडे कुणी "गावाला चाललो" म्हणत नाही, "काठाला चाललो" म्हणतात. बेटावर मोटारसायकल नाही. सगळ्यांच्या गाड्या पलीकडे लिंबाखाली उभ्या, किल्ल्या तशाच लावलेल्या. ज्याला जी मिळेल ती घेऊन जातो आणि तेल भरून आणून लावतो. आजवर एक गाडी चोरीला गेली नाही. रामराम घालायच्या आधी आम्ही "किती पायऱ्या?" असं विचारतो, म्हणजे पाणी कितव्या पायरीला आहे. नवरी आणायला गेलेलं वऱ्हाड परतताना नावेत आधी नवरीने पाय ठेवायचा, मग नवऱ्याने. गॅसची टाकी, शेळ्या, आजारी माणूस, देवाची पालखी, सगळं मुंजाजी भोयाच्या नावेतून.

नावेत जन्मलेल्या पोरांचंही लिहिलं. अशा पोराचं नाव गंगेवरून ठेवायचं आणि त्याला गावाचं भाग्य मानायचं ही जुनी रीत. माझ्या आठवणीत अशी तीन. गंगाधर, गंगूबाई आणि मुंजाजीचा धाकटा भाऊ गंगाराम.

वाचून दाखवत होतो. मनकर्णा तूर निवडत होती. म्हणाली, "चार."

म्हटलं, "चौथं धरत नाहीत. नाव ठेवेपर्यंत जगावं लागतं."

ती उठली. सूप घेऊन मागच्या दारी गेली. अठ्ठ्याऐंशी सालच्या पुरातली ही गोष्ट, तीसुद्धा मी विसरून गेलो होतो. बायकांच्या मनातून मात्र काही जात नाही.

१५ जानेवारी

संक्रांत झाली, बायकांची हळदीकुंकवाची धामधूम सुरू. या वर्षीचं वाण ऐकून तर मी पोट धरून हसलो. दरवर्षी स्टीलची वाटी, गाळणं, फार तर कंगवा. यंदा चतुराबाईनं घरोघरच्या बायकांना निळ्या शाईचे पेन वाटले! मी म्हटलं, "चतुराबाई, ह्यानं आता पोळ्या लाटायच्या का?" ती पदर सावरत म्हणाली, "लाटू की गुरुजी, आमी कायबी लाटतो." हजरजबाबी बाई आहे.

मनकर्णाने पेन फडताळात पुसून ठेवला.

१९ जानेवारी

आज एक चांगली गोष्ट घडली. दुपारची झोप झाल्यावर ओसरीत आलो तर सात-आठ म्हाताऱ्या पाट्या घेऊन बसलेल्या आणि मनकर्णा त्यांना सही करायला शिकवतेय. मनकर्णा सातवी पास, अक्षर मोत्यासारखं, कारण लग्नानंतर मीच गिरवून घेतलंय. म्हटलं, "हे काय नवीन?" तर म्हणाली, "अंगठा लावायची लाज वाटती म्हणायल्यात." शिक्षकाच्या घरचं वारं लागलं म्हणायचं. माझ्या माहितीत "बेटावरील स्त्रिया आजही शिक्षणाची आस बाळगून आहेत" असं एक वाक्य लगेच घातलं.

२३ जानेवारी

तालुक्याला डोळ्यांचं शिबिर. एकतीस बायका एका दिवशी काठाला गेल्या. मुंजाजीला दोन खेपा कराव्या लागल्या. परवाही पंचवीस-तीस गेल्या होत्या म्हणे, आणि उद्याही जाणार आहेत. मी घाटावर मुंजाजीला विचारलं, "अरे, एवढ्या बायांचे डोळे एकदमच कसे आले?" तो नावेतलं पाणी उपसत होता. वर न बघताच म्हणाला, "आता कसं म्हणावं, गुरुजी."

मनकर्णा चष्म्याशिवायच परतली. नंबर निघाला नाही म्हणे. बरं झालं.

२७ जानेवारी

राजेश्रीचा फोन आला. परभणीला असते, जावई बँकेत. सृष्टीला सुट्टी आहे तर आठ दिवस घेऊन ये म्हटलं. नात सहा वर्षांची झाली, बेटावर एक रात्र राहिलेली नाही. सकाळी येतात, संध्याकाळच्या नावेने पळतात. राजेश्री म्हणते पोरीच्या छातीचं दुखणं आहे, रात्रीतून दम लागला तर कुठं धावायचं. शहरातली पोरं नाजूकच. आम्ही काय इथं मेलो का?

मनकर्णाने फोन घेतला आणि अंगणात जाऊन अर्धा तास बोलली. मायलेकींचं काय चालतं देव जाणे.

२ फेब्रुवारी

अवधूत साहेब पुन्हा आले होते. आमच्याकडेच चहाला बोलावलं. वैरी असला तरी पाहुणा आहे. मनकर्णा चहा देता देता त्यांना विचारू लागली. नव्या वस्तीत दवाखाना कुठं? घरापासून किती पावलं? रात्री गाडी येती का? नळ आत का बाहेर? साहेबानं नकाशा काढला, तर हिनं बोट ठेवून ठेवून सगळं बघितलं. असा गुंडाळला बिचाऱ्याला की मला मिशीत हसावं लागलं. साहेब गेल्यावर म्हटलं, "काय फिरकी घेतलीस!" ती कप विसळत राहिली.

बारा-तेरा दिवस राहिले. पुरुषांपैकी एकही कचेरीकडे फिरकलेला नाही, माझं लक्ष आहे.

१६ फेब्रुवारी

आज काय लिहू. बन्सीधर धावत आला. कचेरीतून त्याला फोन आला होता. संमत्या आल्या. एकशे पाच. बरोबर एकशे पाच, एक कमी नाही, एक जास्त नाही.

एकशे चाळीस ओंजळी मी मोजल्या होत्या. गंगेत उभं राहून माणसं खोटं बोलली? ज्यांना मी बाराखडी शिकवली, ज्यांच्या बारशाला गेलो, ज्यांच्या बापाला खांदा दिला, ती?

तरीही मला एक माणूस दिसला. कागद काठाला नेले कुणी? नावेशिवाय इथून टाचणी बाहेर जात नाही. मी तडक घाटावर गेलो आणि वीस माणसांसमोर मुंजाजीला बोललो. नको ते बोललो. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" असं म्हटलं, नव्या वस्तीत तुला नोकरी कबूल केली असेल म्हटलं.

मुंजाजी हातातला दोर धरून उभा होता. म्हणाला, "गाव उठलं तर माझी नावच कशाला लागती, गुरुजी? पहिली उपासमार माझी. मी माणसं नेतो-आणतो. कोण कशापायी चाललं ते आमच्यात इचारत न्हाईत."

मी ऐकून घेतलं नाही.

१८ फेब्रुवारी

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली.

सगळ्या बायका. एकशे पाचपैकी एकशे पाच. कचेरी घराचा मालक बघते, आणि मालकीला बायकांची नावं. सहा वर्षांपूर्वी घरपट्टीत सूट होती आणि तालुक्यात गावाचा सत्कार होणार होता, म्हणून "घर बाईच्या नावावर" ही मोहीम दोधारनं काढली. अर्ज घरोघर जाऊन मीच भरले होते. भिंतीवरच्या त्या मानपत्राखालीच यादी चिकटवलीय.

पहिलं नाव: मनकर्णा दिनकर दोधारकर.

मी दोनदा वाचलं. लोक बाजूला झाले. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं.

१९ फेब्रुवारी

काल तिच्याशी बोललो नाही. आज सकाळी विचारलं, का केलंस?

"करायचं होतं म्हणून केलं," म्हणाली.

"मी गंगा उचलली होती."

"तुमी उचलली. मी कुठं उचलली? मला वरच्या पायरीवर उभं केलं होतं तुमी."

"घरातला एक माणूस म्हणजे घर, हे तुला सांगितलं होतं."

"मंग सही बी घरातल्या एकाच माणसानं केली की."

मी ओरडलो. आयुष्यात तिच्यावर हात उचलला नाही, पण आज आवाज शेजारी गेला. चोरून केलंस म्हटलं. माझ्या ओसरीत बसून, माझ्याच पाट्यांवर त्या म्हाताऱ्यांना शिकवलंस, आणि मी मूर्ख कौतुक करत होतो म्हटलं. डोळ्यांचं शिबिर! पेनाचं वाण! सगळं गाव बायकांनी माझ्या नाकाखालून काठाला नेलं.

ती खाली बसली. गुडघ्यांवर हात ठेवून बसते, तशी. मग हळूच बोलली. "सांगितलं तर तुमी हसता. बेचाळीस साल मी सांगायले, तुमी हसायलाव. नाव लांबली की जीव घाबरा होतो म्हटलं, तुमी हसले. पोरगी मुक्कामाला येईना तिच्या लेकराच्या दम्यापायी, तरी तुमाला वाटतं ती शेफारली. आन् त्या पुरातल्या पोराचं मी कधी बोलत न्हाई. नावेत झालं, काठ यायच्या आत गेलं. गंगेपुढं तुमी तरी काय करणार होते. पण तुमी गावाचं लिहायला बसले आन् त्याला मोजलं बी न्हाई."

मी उठून ओसरीत आलो. पण उत्तर नाही म्हणजे ती बरोबर असं होत नाही. भांडायचं तर तोंडावर भांडायचं. एका छताखाली राहून महिनाभर माझ्या ताटात वाढत होती आणि पाठीमागे हे करत होती. आपलेच दात, आपलेच ओठ. मला फसवलं गेलंय, आणि कुणी परक्यानं नाही.

२४ फेब्रुवारी

गावात दोन गावं झाली आहेत. पुरुष पारावर, बायका घाटावर. कुणी कुणाशी बोलत नाही. लिंबाखालच्या गाड्यांच्या किल्ल्या लोक खिशात घालून नेऊ लागले. हे दोधारमध्ये मी कधी पाहिलं नव्हतं.

आज बन्सीधर आला. त्यानं वकिलाला विचारलंय. पंधरा दिवसांत घरातला कुणीही हरकत घेऊ शकतो की, सही करणारीला कागद समजला नव्हता, तिला फसवून सही घेतली. तिनं सुनावणीत तसं कबूल केलं की सही रद्द. "एक सही गेली की एकशे चार, गुरुजी. मामलाच खलास. बाकीच्यांच्या बायका लय खमक्या हायत, कबूल व्हायच्या न्हाईत. तुमचा शब्द मनकर्णाकाकू मोडणार न्हाईत."

मी म्हटलं, तिनं सातवी केलीय, तिला समजलं नाही असं कसं लिहू? तो म्हणाला, "लिहायला काय लागतं?"

२८ फेब्रुवारी

लिहिलं. "माझी पत्नी अल्पशिक्षित असून तिला कागदातील मजकूर समजत नाही. गावातील काही स्त्रियांनी तिची दिशाभूल करून सही घेतली आहे." तीन ओळींना चार दिवस लागले.

एकदा फाडला. मग यादीतलं पहिलं नाव आठवलं आणि पुन्हा लिहिला. तिनं माझा विचार केला नाही, मी तिचा का करू? आज कचेरीत देऊन आलो. तिला सांगितलं नाही. तिनं तरी कुठं मला सांगितलं होतं?

येताना नावेत मुंजाजी होता. मी पुढं तोंड करून बसलो. त्याची माफी मागायची आहे, हे मला समजतं.

६ मार्च

सुनावणी झाली.

तिला नोटीस परस्पर गेली होती. सकाळी माझ्यासोबतच निघाली, चांगलं लुगडं नेसून, हातात कापडी पिशवी. कचेरीत मागच्या बाकांवर चतुराबाई आणि तीस-चाळीस बायका, इकडे बन्सीधर आणि पुरुष.

अवधूत साहेबांनी माझा अर्ज मोठ्यानं वाचला. सगळा वाचला, "समजत नाही" पर्यंत आणि पुढंही. मग म्हणाले, "बाई, हे तुमच्या मालकांनी लिहून दिलंय. हे खरं आहे का? तुम्ही कागद समजून सही केली होती की नाही? घाबरू नका."

मनकर्णानं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. काय बोलावं ते तिला सुचत नसावं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

मग ती म्हणाली, "खरं हाय साहेब. मला न्हाई समजलं."

साहेबांना पटलं नाही, ते स्पष्ट दिसत होतं. ज्या बाईनं नकाशावर बोट ठेवून दवाखाना विचारला ती हीच. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी कागद पुढे केला, पेन दिला, इथं सही करा म्हणाले. तिनं पेन बाजूला ठेवला.

"शाई आणा. अंगठा घ्या. मला कुठं येती सही?"

मागून चतुराबाई "मनकर्णाबाई!" एवढंच म्हणाली. अंगठा उठला. बायका उठून गेल्या, तिच्याकडे एकीनंही बघितलं नाही. बन्सीधरनं माझे पाय धरले. बेट वाचलं.

बाहेर आल्यावर म्हटलं, "चल, दोनची गाडी मिळेल." माझा राग तिथल्या तिथं गेला होता. शेवटी तिनं माझा मान राखला, असं मला वाटत होतं.

ती म्हणाली, "तुमी जावा. मी परभणीला चालले, राजेश्रीकडं."

"कधी येशील?"

ती नळावर अंगठा धुवत होती. शाई निघत नव्हती. "तुमचं बेट ऱ्हायलं न्हवं? आता ऱ्हावा तिथं. आन् घर तुमच्या नावावर करून घ्या. कागद पाठवा, अंगठा लावून देते."

१० मार्च

गावानं माझा सत्कार केला. नारळ, शाल, पारावर भाषणं. पुलाची मागणी वर गेली म्हणे, माझी माहिती जोडून. बन्सीधर म्हणाला, "गुरुजींनी घर पणाला लावलं पर गाव राखलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणारे सगळे पुरुष होते.

रस्त्यानं गेलो की बायका दारातून आत जातात. सही शिकलेल्या त्या म्हाताऱ्यांपैकी एक पाणवठ्यावर भेटली. म्हणाली, "ती खोटं बोलली, गुरुजी. आमच्या जीवावर बोलली. पर कुणापायी बोलली ते आमाला ठावं हाय." आणि हंडा उचलून निघून गेली.

मी चार दिवस पिठलं करून खातोय, आज तेही करपलं. मुंजाजीकडे जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. बाई कवा येणार?" मी म्हटलं, येईल.

खरं लिहायचं तर असं आहे. मी तिला अडाणी लिहिलं आणि तिनं चारचौघांत ते खरं करून दाखवलं. ज्यांना शिकवलं त्या बायकांसमोर अंगठा उठवला. तिला त्या कधी माफ करणार नाहीत. मी फसवला गेलो म्हणत होतो, आणि फसवणूक सगळी माझ्याच हातची निघाली. हे लिहिताना लाज वाटते, पण इथं तरी लिहिलं पाहिजे.

२१ मार्च

आज कुणाला न सांगता काठाला गेलो. कचेरीत अवधूत साहेबांना म्हटलं, माझी हरकत खोटी होती, तसं लिहून देतो, मागे घ्या. ते म्हणाले, "गुरुजी, आता तुमच्या लिहिण्यानं काही होत नाही. बाईंनी अंगठा दिलाय. त्यांनी स्वतः येऊन सांगितलं की दबावाखाली बोलले, तरच प्रकरण पुन्हा उघडतं. त्यासाठीच्या मुदतीचे अजून चौदा दिवस आहेत."

बाहेर पायरीवर बसून राजेश्रीला फोन लावला. म्हटलं, आईला दे. वाटलं होतं ती घेणार नाही. तिनं घेतला.

म्हटलं, "तू ये. साहेबांना सांग की मी तुला खोटं बोलायला लावलं. मी तुझ्या शेजारी उभा राहतो. सगळ्या गावासमोर सांगतो की तुला सगळं समजत होतं."

मी थांबलो. म्हटलं, "ऐकतेस ना?"

"ऐकायले," ती म्हणाली. "पर हे तवा बोलायचं होतं. साहेबानं इचारलं तवा मी तुमच्या तोंडाकडं किती येळ बघत होते. मला वाटलं, आता बोलतेल, आता बोलतेल."

पलीकडून सृष्टीनं आजीला हाक मारली, आणि मनकर्णानं फोन ठेवला.